कोकण किनारा सायकलवर: किलोमीटर मोजू नका, चढ आणि ऊन मोजा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचे यजमान कोथरूडला राहता, दोघांची चाळिशी उलटली आहे, दर रविवारी सिंहगड पायथा नाहीतर पानशेत करता. डिसेंबरात आठ दिवसांची रजा आहे. ताम्हिणीने खाली उतरायचं, किनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं, आंबोलीने वर चढून कोल्हापूरमार्गे घरी यायचं. रोज १०० किलोमीटर धरले तर हिशेब बसतो. भीती एकच, सामान लादलेल्या सायकलवर घाट चढवेल का?

घाट चढवेल. तुम्हाला दमवणार आहे तो किनारा, आणि रोज १०० किलोमीटरचा हिशेब मोडणार आहे तोही तिथेच. गेली तीसेक वर्षं मी या पट्ट्यात सायकल चालवतो आहे. ज्यांना ज्यांना अर्ध्यातून सायकल टेम्पोत टाकून परत यावं लागलं, त्यातले जवळजवळ सगळे किनाऱ्यावरच मोडले, घाटात नाही.

कारण जमिनीच्या घडणीत आहे. सह्याद्री पश्चिमेकडे कड्यासारखा तुटलेला आहे आणि पूर्वेकडे हळूहळू उतरत जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे घाटमाथ्याच्या उंचीवर आपण आधीच बसलेलो असतो. ताम्हिणीला जाताना मुळशीच्या पाण्याकडेने लहान चढउतार लागतात आणि मग विळ्यापर्यंत घसरगुंडी. ही उंची परत येताना एकदाच चढायची असते. घाटाचा रस्ता वळणं घेत घेत आखलेला असल्यामुळे चढ लांब असला तरी सौम्य असतो, शंभर मीटरला पाच-सहा मीटर. लय सापडली की तास-दोन तास तुम्ही चढत राहता.

किनारा मात्र नकाशावर सपाट दिसतो आणि तसा नसतो. कोकणातल्या नद्या आखूड. डोंगरातून निघतात आणि थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, त्यांच्या मुखाशी समुद्र आत शिरून खाडी होते. गावं त्या खाड्यांच्या तोंडाशी, नारळी-पोफळीच्या सावलीत, पाण्याच्या पातळीला. दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, शंभर-दीडशे मीटर उंच. रस्ता एका गावातून सड्यावर चढतो, उघड्या सड्यावरून जातो आणि पुढच्या गावात कोसळतो. हे चढ घाटासारखे आखीव नाहीत. शंभरला दहा मीटर तर सर्रास, काही वळणांवर त्याहून जास्त. लय बसण्याआधी चढ संपतो, श्वास जागेवर येण्याआधी उतार संपतो, आणि पुन्हा चढ. साठ किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या आसपास चढाई सहज होते. तुम्ही सिंहगडाचा रस्ता वरपर्यंत चढला असाल, तर तो गड रोज तुकड्यातुकड्यांनी आणि सामानासकट चढायचा आहे असं समजा.

म्हणून मालवण या वेळी सोडा. मी सुचवतो तो मार्ग साधारण पावणेसहाशे किलोमीटरचा आहे: ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, तिथून चिपळूण आणि कुंभार्ली घाटाने वर. तपशील पुढे देतो. आधी सायकलीबद्दल, कारण यजमानांची रोडबाईक आहे असं तुम्ही लिहिलंय आणि मला काळजी तिचीच वाटते.

हिशेब सोपा आहे. पुढची लहान चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी चकती २८ ची असेल, तर पायाच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर सुमारे १.८५ मीटर. मिनिटाला साठ फेरे धरले तर पहिल्या सायकलला चढावर ताशी नऊ किलोमीटर ठेवावेच लागतात, दुसरीला पावणेसात पुरतात. दहा टक्क्यांच्या चढावर माणूस, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वर नेताना दुसरीवर पायाला पहिलीच्या सुमारे पाऊणपट जोर पुरतो. एक चढ दोन्हींवर निघेल, पण पहिल्या सायकलवर दिवसातला आठवा चढ गुडघ्यावर येतो. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, ३४ ची बसते का ते तुमच्या सायकलवाल्याला विचारा. साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेल्युअरला ती पेलत नसेल तर डिरेल्युअरही बदलावा लागतो. हे जमत नसेल तर यजमानांसाठी आठ दिवसांपुरती कुणाची तरी हायब्रिड मागून घ्या. टायर किमान ३२ मिलिमीटर रुंदीचे, ३५ चे असले तर उत्तम. गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर डांबर उखडलेलं असतं आणि बारीक खडीवर पातळ टायर पुढे घसरतं.

सामान पाठीवर घ्यायचं नाही. कोकणातल्या हवेत पाठ झाकली की शरीर थंड व्हायचा एक मोठा रस्ता बंद होतो. मागे कॅरिअर, त्याच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या, म्हणजे पॅनिअर, दोन्हीत सारखं वजन, जड वस्तू तळाशी. माणशी आठ ते दहा किलो भरपूर झाले. दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, चेन जोडायची लिंक आणि प्रत्येक सायकलचा आरडी हँगर (मागचा डिरेल्युअर जिच्यावर बसतो ती पट्टी) ही पाच वस्तू विसरू नका. हँगर मॉडेलनुसार वेगळा असतो आणि वाटेत मिळणं कठीण. एकदा दाभोळच्या अलीकडे सायकल साधी भिंतीला टेकवलेली पडली, माझा हँगर वाकला आणि पुढचे दोन दिवस मी एकाच गिअरवर काढले.

आता ऊन. पुण्यात डिसेंबरात थंडी असते, म्हणून लोक कोकणातलं ऊन गृहीत धरत नाहीत. खाली दुपारचं तापमान बत्तीस-तेहतीसपर्यंत जातं, आणि खरा प्रश्न आकड्याचा नाही, दमटपणाचा आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत घाम आला की उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावर तो उडत नाही, नुसता गळतो. पाणी आणि मीठ जातं, गारवा मिळत नाही. पंचविशीत मी एकदा ऑक्टोबरात, भर दुपारी, लाडघरच्या पुढचा सडा चढत होतो. अंगावर काटा आला, डोकं हलकं झालं आणि घाम यायचा थांबला. घाम थांबला म्हणून मला बरंच वाटलं होतं. एका आजोबांनी मला रस्त्यावरून उठवून गोठ्याच्या सावलीत आडवं केलं, मानेवर, बगलेत ओले पंचे ठेवले आणि शुद्धीवर आल्यावर मीठ घातलेली पेज पाजली. ते तिथे नसते तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो. तेव्हा हे लक्षात ठेवा: उन्हात अंगावर काटा येणं, डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही जोडीदारात दिसलं की त्या क्षणी थांबायचं, सावली शोधायची, अंग ओलं करायचं. बोलणं असंबद्ध होत असेल तर दवाखाना गाठायचा, पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही.

यासाठीच मी दिवस तासांत मोजतो. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या थोडं पुढे मावळतो. साडेसहाला दिसायला लागलं की निघायचं, अकराला थांबायचं, साडेतीनला पुन्हा निघायचं आणि साडेपाचला मुक्काम. साडेसहा तास झाले. चहा, फोटो, वाट विचारणं यातला तासभर वजा करा. किनाऱ्यावर सामानासकट सरासरी ताशी दहा-बारा किलोमीटरच पडते. दिवसाला साठ, फार तर सत्तर. बारा ते तीन उघड्या सड्यावर सायकल चालवायची नाही, हा एक नियम पाळलात तरी सहल पार पडेल.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागायची वाट न बघता. नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा आणि एक पाकीट एका लिटरलाच घाला. लोक अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट रिकामं करतात, त्याने पोट बिघडतं. बाकी कोकम सरबत मीठ घालून मागा, शहाळं दिसेल तिथे प्या. जेवणाचं मात्र आधी ठरवा. या गावांत बहुतेक खानावळी घरगुती आहेत आणि सांगितल्याशिवाय रांधत नाहीत. आदल्या रात्री पुढच्या गावात फोन करून 'उद्या अकरापर्यंत दोन माणसं येतोय' एवढं सांगितलं की गरम भात तयार असतो. रोख पैसे जवळ ठेवा.

दिशा तुम्ही बरोबर निवडली आहे, उत्तरेकडून दक्षिणेकडे. शाळेत शिकलेले मतलई आणि खारे वारे इथे पायाला जाणवतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, मंद. दुपारी तो फिरतो आणि हिवाळ्यात बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीला तिरका लागतो. उलट्या दिशेने हाच रस्ता केला तर दुपारचे दोन तास नुसते वाऱ्याशी झगडण्यात जातात. फक्त हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दिवसभर तोंडावर येतो. पुढे कड असलेली टोपी, गॉगल आणि पूर्ण बाह्या घ्याच.

पहिला दिवस, घर ते माणगाव, १०० किलोमीटरच्या आसपास. एवढा मोठा दिवस फक्त हाच. शनिवार-रविवार टाळून निघा. सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीत पुण्याच्या गाड्यांची रांग असते. चांदणी चौक आणि पिरंगुट उजाडायच्या आत मागे टाका. घाट दुपारी एकच्या आत उतरा, नाहीतर पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि वळणावरचा खड्डा दिसत नाही. उतारावर ब्रेक सलग दाबून ठेवू नका. पाचशे मीटर खाली येताना ९५ किलोतून जी ऊर्जा सुटते, तिच्यात लिटरभराहून जास्त पाणी उकळेल. थोडी हवा घेते, उरलेली तुमच्या रिमवर नाहीतर डिस्कवर जाते. वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा, दोन्ही ब्रेक आलटूनपालटून वापरा आणि मध्ये दोनदा थांबून त्यांना थंड होऊ द्या. थांबल्यावर डिस्कला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी माणगावात मुंबई-गोवा महामार्ग ओलांडायचा आणि त्याच्याकडे पाठ करायची. त्या रस्त्यावर सायकल घालूच नका, ट्रकांची संख्या फार आहे. म्हसळ्याच्या आधी घोणसे घाटात किनाऱ्याच्या चढांची पहिली चव मिळेल. श्रीवर्धनला दुपारची विश्रांती, संध्याकाळी हरिहरेश्वर. श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांचं, भट घराण्याचं मूळ गाव. तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडलीत की बाणकोटच्या पलीकडे वेळास लागतं, ते नाना फडणवीसांचं. त्याच्या पुढच्या दिवशी दापोलीजवळचं मुरुड, महर्षी कर्व्यांचं. कर्वे रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाने मुरुडला तरी थांबावंच. पुण्याला घडवणारी किती माणसं या किनाऱ्यावरून घाट चढून वर आली, हे सायकलवर पायांना कळतं. कर्वे तरुणपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले होते आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. तुम्हीही किनाऱ्यावरून साताऱ्यालाच पोचणार आहात.

तिसरा दिवस अंतराला लहान, पन्नासच्या आत, आणि मला सगळ्यांत आवडतो. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडायची आणि वेश्वीला उतरायचं. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते. पुढच्या एखाद्या सहलीत तिच्या मुखापासून महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने उगमापर्यंत चढून जा, फार सुंदर रस्ता आहे. बोटीत सायकल गाड्यांच्या मध्ये उभी करू नका, कठड्याला बांधा. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारा, कारण एक चुकली की सकाळचे थंड तास जेट्टीवर जातात. पुढे मांदिवलीवरून केळशी आणि मग आंजर्ले. चढ भरपूर आहेत, पण प्रत्येक चढाच्या माथ्यावरून समुद्र दिसतो. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला संध्याकाळी जा आणि पॅनिअर मुक्कामी काढून ठेवून जा.

चौथा दिवस अवघड आहे. हर्णै, मुरुड, कर्दे इथवर किनारा लागून आहे, पण लाडघरपासून दाभोळपर्यंत चढउतार थांबत नाहीत. मी पडलो होतो तो पट्टा हाच. हर्णैचा मासळीचा लिलाव बघायचा मोह होईल. बघा, पण त्यात वेळ गेला तर बुरोंडीला दुपारी थांबा आणि गुहागरचा हट्ट सोडून दाभोळलाच राहा. वेळेत पोचलात तर दाभोळ-धोपावे बोट घेऊन गुहागर. पाचव्या दिवशी सकाळी गुहागरला समुद्रात डुंबा, संध्याकाळपर्यंत चिपळूण गाठा. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास.

चिपळूणला एक काम करा. चार दिवस खारी हवा, वाळू आणि बोटीवरचे शिंतोडे साखळीत बसलेले असतात. गोड्या पाण्याने सायकल धुवा, पण बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नका. साखळी फडक्याने कोरडी करा, एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून घ्या. रोज संध्याकाळी हे पाच मिनिटं केलंत तर उत्तमच. न केल्यास सहाव्या दिवशी घाटात साखळी करकरायला लागते.

सहावा दिवस कुंभार्लीचा, तुम्हाला ज्याची भीती वाटते तो. चिपळूण जवळजवळ समुद्राच्या पातळीला, माथा साधारण सहाशे मीटरवर. इथे सह्याद्रीची पश्चिमेची बाजू तुमच्या मदतीला येते. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो, त्यामुळे नऊ-साडेनऊपर्यंत घाटाचा बराच भाग सावलीत राहतो. त्या सावलीतच घाट संपवायचा, म्हणून चिपळूणहून पहिल्या उजेडात निघा. सुरुवातीपासून सर्वांत हलका गिअर लावा, बोलता येईल एवढाच श्वास चढू द्या आणि दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं थांबून काहीतरी खा. ट्रक असतात, लाल दिवा दिवसाही लावून ठेवा, एकामागे एक चाला, आणि ट्रकला वाट देण्यासाठी कच्च्या कडेला उतरू नका, आपली रेघ सरळ ठेवा. दम लागला तर उतरून सायकल ढकला, त्यात कमीपणा काही नाही. मुक्काम कोयनानगरला. चार दिवस घामात काढल्यावर तिथली रात्र चांगलीच गार लागते, म्हणून एक गरम कपडा पॅनिअरच्या तळाशी असू द्या.

सातव्या दिवशी पाटण, उंब्रज, सातारा. कोयनेच्या काठाने उतार आणि सपाटी, पाय स्वतःहून फिरतात. शेवटचा तुकडा महामार्गाचा आहे, तिथे सर्व्हिस रोड सोडू नका. साताऱ्यात पाय संपले असतील तर सायकली ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाका. पुढची चाकं काढून, डिरेल्युअरची बाजू वर ठेवून, मध्ये चादर घालून बांधा.

पाय शिल्लक असतील तर आठव्या दिवशी सायकलवरच निघा, पण खंबाटकीचा महामार्ग नको. साताऱ्याहून लोणंदला जा, आणि तिथून पालखीचा रस्ता उलटा धरा: नीरा, वाल्हे, जेजुरी, सासवड. माळरानाचा, मोकळा रस्ता आहे आणि इथली हवा पुन्हा आपली, कोरडी.

निघण्याआधी एक चाचणी घ्या. पॅनिअरमध्ये दहा किलो भरून शनिवारी सिंहगड वरपर्यंत आणि लगेच रविवारी दिवेघाट-सासवड करून या. सोमवारी सकाळी जिना उतरताना गुडघे दुखले तर गिअर बदला किंवा सामान कमी करा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करून बघा. नाताळ ते एक जानेवारी मात्र निघू नका. त्या आठवड्यात बोटींना रांगा लागतात, खोल्या मिळत नाहीत आणि अरुंद रस्त्यांवर गाड्या फार असतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला.

आठव्या रात्री सासवडला राहा, रजेपेक्षा एक सकाळ जास्त लागली तरी संध्याकाळी घरी पोचायची घाई करू नका. दिवेघाट खाली हडपसरच्या गर्दीत उतरतो, आणि आठ दिवसांच्या थकव्यावर अंधारात तो उतरणं धोक्याचं आहे. नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालात तर वाहतूक सुरू व्हायच्या आत घाट उतरून होतो आणि नऊ-साडेनऊपर्यंत तुम्ही कोथरूडात असता.